परड्यातली बाग आणि शाहू महाराज

माघ लागला. आंबा मोहरला, शेवग्याला फुलं धरली, सकाळी गारवा असला तरी दुपारचं ऊन चटकायला लागलंय. परड्यात दोडका, कारली, काकडी, भोपळा लावायचे हेच दिवस. दरवर्षी या सुमारास आम्ही विस्तारवाले गावोगाव परसबागेचं सांगत फिरतो आणि दरवर्षी एकच उत्तर ऐकतो, की ऊस दारापर्यंत आलाय, भाजीला जागा कुठली. उसाचं बिल येतं आणि भाजी आठवडी बाजारातून येते, असा आपल्याकडचा हिशेब झालाय. म्हणून यंदा खताचे तक्ते जरा बाजूला ठेवतो आणि तुमच्या-माझ्या ओळखीच्या एका माणसाविषयी लिहितो. राजर्षी शाहू महाराज. जयंतीला आपण त्यांना हार घालतो, आरक्षणाचं आणि शाळांचं बोलतो. त्यांची शेतीची नजर मात्र भाषणात दोन वाक्यांत उरकली जाते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. नाव यशवंतराव. तीन वर्षांचे होते तोवर आई गेली. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. शिक्षण राजकोटला आणि धारवाडला झालं. २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हाती घेतला तेव्हा वयाची वीस वर्षंही पुरी नव्हती. आपल्या गावात या वयाच्या पोराला बाप मोटारीचं बटण दाबायला तेवढं पाठवतो!

दुसऱ्याच वर्षी, १८९५ मध्ये, शाहूपुरीची पेठ वसली. कोल्हापूरचा गूळ आज नाव कमावून आहे, त्याचा पाया तिथला. माल पिकवून भागत नाही, तो विकायला हक्काची जागा लागते, हे त्यांनी आधी ओळखलं. मग १८९६ ला पाऊस दगा देऊन गेला. दुष्काळ पडला आणि मागोमाग प्लेग. स्वस्त धान्याची दुकानं, तगाई, हाताला काम, जे करता आलं ते दरबारानं केलं. पण पाण्यावाचून माणसाचं आणि जनावराचं काय होतं, हे या तरुण राजानं मुलखात फिरून डोळ्यांनी पाहिलं. पुढचं सगळं त्यातून आलं असं माझं मत आहे.

१९०२ मध्ये महाराज विलायतेला गेले. निम्म्या जागा मागासवर्गीयांना राखून ठेवण्याचा हुकूम त्याच वर्षी २६ जुलैला निघाला, तेव्हा ते तिकडेच होते. परत आल्यावर पाटबंधाऱ्याकडे त्यांचं लक्ष जास्तच वळलं. १९०७ च्या सुमारास भोगावती नदीवर धरणाची आखणी झाली. लेकीच्या नावानं राधानगरी वसवली, तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव दिलं. एका लहान संस्थानानं स्वतःच्या तिजोरीवर एवढं धरण काढणं हे त्या काळात धाडसच. भिंत चाळीस फुटांच्या आसपास आली आणि पैसा संपला. १९१८ मध्ये काम थांबलं. ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. सव्वाआठ टीएमसीहून अधिक पाणी तिथं मावतं. पावसाळ्यात स्वयंचलित दरवाजे उघडले की आपण टीव्हीसमोर बसतो. भरलेलं धरण महाराजांनी पाहिलं नाही. आपला ऊस त्याच पाण्यावर उभा आहे.

याच काळात पन्हाळ्यावर त्यांनी चहा-कॉफीची लागवड करून पाहिली. आपल्या डोंगरउतारावर, एवढ्या पावसात, आणखी काय येईल याची ती चाचपणी होती. चहाचे मळे काही टिकले नाहीत. पण राजानं स्वतः लावून पाहिलं, हे मला मोठं वाटतं. आम्ही सरकारी माणसं कागदावर शिफारस करतो, लावून क्वचितच पाहतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावच्या शाळेत मी परसबागेचं प्रात्यक्षिक घेतलं. घाईत अर्धवट कुजलेलं शेणखत आळ्यात भरलं. त्यातून हुमणी आली आणि महिन्याभरात सगळे वेल माना टाकून बसले. पोरं माझ्याकडे बघत होती. चूक माझीच. तेव्हापासून सांगताना पहिलं वाक्य हेच असतं, की शेणखत हातात घेऊन चुरा, वास घ्या. शेणाचा वास येत असेल तर ते अजून खत झालेलं नाही.

आता तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींनी थोडं लक्ष द्यावं. १९१८ मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतन मोडलं आणि पगारी तलाठी नेमले. आपल्या भागात तुमच्या खुर्चीची सुरुवात तिथली आहे. त्याच वर्षी महार वतनंही गेली आणि त्या जमिनी एकेकाच्या नावावर रयतावा झाल्या. तोवर गावकीचं राबणं त्या जमिनीला चिकटलेलं होतं. पुढच्या वर्षी, १९१९ मध्ये, सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा सर्वांना खुल्या करण्याचे हुकूम निघाले.

हे मी बागेच्या लेखात का सांगतो? कारण बागेला आधी जागा लागते आणि मग पाणी. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही आणि ज्याला विहिरीवर कळशी बुडवायची बंदी आहे, त्याच्या दारात भोपळ्याचा वेल चढणार कसा? गंगाराम कांबळ्यांची हकीकत तुम्हाला ठाऊक असेल. महाराजांच्या पदरी नोकरीला होते. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना पैसे देऊन चहाचं दुकान काढून दिलं. एवढ्यावर थांबले नाहीत. स्वतः तिथं गाडी थांबवून चहा पीत, सोबतच्या मंडळींनाही पाजत. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले. वय सत्तेचाळीस. पंचगंगेच्या काठी अंत्यसंस्कार झाले. समाधी मात्र नर्सरी बागेत व्हावी अशी त्यांची इच्छा होती. पुढं काही वर्षांतच त्या बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभं केलं ते गंगाराम कांबळे आणि त्यांच्या मंडळींनी. समाधीस्थळ पुरं होऊन लोकांसाठी खुलं व्हायला २०२० साल उजाडलं. कोल्हापूरला गेलात तर सिद्धार्थनगरात जाऊन या. नावातच रोपवाटिका आहे, पोरांना दाखवायला बरं.

आता तुमच्या परड्याचं. दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळेल असा कोपरा धरा. दीड फूट लांब-रुंद आणि फूटभर खोल आळी काढून आठ-दहा दिवस उन्हात तापू द्या. आळ्याला दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड पुरे. कारल्याचं, दोडक्याचं बी कडक असतं, ते रात्रभर भिजवून मग टाका. आळ्यात तीन-चार बिया टोका आणि उगवल्यावर जोमदार दोनच रोपं ठेवा. दोन पानांवर असताना लाल भुंगे येतात. दव आहे तोवर सकाळी चुलीची राख धुरळा. पोकळा, मेथी, कोथिंबीर यांचा लहान वाफा न्हाणीजवळ करा. साबणाचं पाणी थेट सोडू नका, आधी वाळू-खड्यांच्या खड्ड्यातून जाऊ द्या. त्याच्या कडेला केळ आणि अळू आपोआप भागतं.

आणि उसाचा पाला पेटवू नका. त्यातला थोडा आणून आळ्यांभोवती चार बोटं जाड अंथरा. चैत्रात पाण्याची पाळी लांबते.

सरपंच मंडळींना एक विनंती. गावच्या नळकोंडाळ्याचं पाणी गटारात जातं. ज्या वस्तीत घराला परडंच नाही, तिथल्या बायकांच्या गटाला कोंडाळ्याशेजारची पडीक जागा भाजीला द्या आणि ग्रामसभेच्या ठरावात ती नोंदवा, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी उठवणार नाही. बियाण्याचं काय ते आपल्या कृषी सहायकाला विचारा. शिवरात्रीच्या आत बी पडलं तर पाडव्यानंतर लवकरच पहिला दोडका हाती येतो.