महाराणी येसूबाई

येसूबाई या शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांच्या कन्या व छत्रपती संभाजी महाराजांच्या पत्नी. १६८९ मध्ये औरंगजेबाने महाराजांचा वध करविला आणि मोगली फौजेने रायगडास वेढा घातला. पुत्र शाहू अवघे सात वर्षांचे होते. तरीही गादीचा मोह न धरता येसूबाईंनी दीर राजाराम महाराजांच्या हाती कारभार सोपविला. सारे राजकुटुंब एकाच वेळी शत्रूच्या हाती पडू नये, म्हणून त्यांना गडाबाहेर पाठवून त्या स्वतः मागे राहिल्या. नोव्हेंबरात रायगड पडला. मायलेक कैद झाले. १७०७ मध्ये शाहू सुटले, परंतु येसूबाई ओलीस राहिल्या. अखेर १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी त्यांना दिल्लीहून साताऱ्यास आणले. स्वराज्यासाठी त्यांनी सुमारे तीस वर्षांचा बंदिवास सोसला.