एकटीचा संसार : जानकी अम्माल

थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे नाव भारतात सर्वांना परिचित आहे. त्यांच्या पत्नी जानकी अम्माल यांच्याविषयी मात्र फारसे लिहिले गेलेले नाही. पतीच्या निधनानंतर त्या जवळजवळ 74 वर्षे जगल्या. त्या प्रदीर्घ काळात त्यांनी स्वतःचे घर उभे केले आणि स्वतःच्या कमाईवर ते चालवले. लहानपणापासून ज्यांच्या हाती पैसा कधी आलाच नव्हता, अशा एका स्त्रीने हे साध्य केले, म्हणून त्यांचे चरित्र जाणून घेण्यासारखे आहे.

जानकी यांचा जन्म 1899 साली तमिळ प्रदेशातील राजेंद्रम या खेड्यात झाला. त्या काळच्या प्रथेप्रमाणे वयाच्या दहाव्या वर्षी, 14 जुलै 1909 रोजी, त्यांचा विवाह रामानुजन यांच्याशी झाला. पुढे काही काळ त्या माहेरीच राहिल्या. 1912 साली रामानुजन यांना मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात दरमहा 30 रुपये पगाराची कारकुनी मिळाली. त्यानंतर जानकी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, आल्या. घरात सासूबाई कोमलतम्माल यांचा शब्द अंतिम असे. पगार येई, खर्च होई. परंतु त्या व्यवहाराशी जानकींचा संबंध नव्हता. हिशेब लिहिण्याची नोकरी करणाऱ्या पतीच्या घरात त्यांना स्वतःच्या घराचा हिशेब ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मार्च 1914 मध्ये रामानुजन इंग्लंडला गेले आणि पाच वर्षांनी आजारी होऊन परतले. परतण्यापूर्वी मद्रास विद्यापीठाने त्यांना वार्षिक 250 पौंडांची शिष्यवृत्ती देऊ केली होती. त्या वेळी त्यांनी विद्यापीठाला एक पत्र लिहिले. दरवर्षी 50 पौंड आईवडिलांना द्यावेत आणि आपला आवश्यक खर्च भागून उरेल ती रक्कम गरीब व अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी वापरावी, अशी इच्छा त्यांनी त्या पत्रात व्यक्त केली होती. या उदार योजनेत पत्नीसाठी वेगळी तरतूद नव्हती. पत्नीचा भार कुटुंब उचलतेच, अशी त्या काळातील सर्वसाधारण समजूत होती. अखेरच्या आजारात जानकींनी पतीची अहोरात्र शुश्रूषा केली. 26 एप्रिल 1920 रोजी रामानुजन यांचे निधन झाले. तेव्हा जानकी 21 वर्षांच्या होत्या.

त्या काळी विधवेची स्थिती अत्यंत परावलंबी असे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत तिला वाटा नसे. केवळ पोटगीचा हक्क असे. 1937 सालच्या कायद्याने तिला प्रथमच मर्यादित हक्क दिला आणि 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो पूर्ण केला. म्हणून 1920 साली जानकींपुढे एकच मार्ग उघडा होता. माहेरच्या आधाराने राहणे, हा तो मार्ग होय. त्या मुंबईला भावाकडे गेल्या.

मुंबईतील ही वर्षे त्यांनी वाया जाऊ दिली नाहीत. तेथे त्या शिवणकाम शिकल्या आणि इंग्रजीही शिकल्या. स्त्रीच्या हाती कला असावी, हा विचार तेव्हा नवा होता. महाराष्ट्रात महर्षी कर्वे आणि रमाबाई रानडे यांनी, तर मद्रासमध्ये सिस्टर सुब्बलक्ष्मी यांनी विधवांना शिक्षण देऊन स्वावलंबी करण्याचे कार्य आरंभले होते. जानकी मात्र आपल्या परीने, भावाच्या घरी राहून, त्याच वाटेने निघाल्या.

1931 साली त्या मद्रासला परतल्या आणि ट्रिप्लिकेन या जुन्या वस्तीत स्वतंत्र बिऱ्हाड करून राहू लागल्या. तेव्हा त्यांचे वय 32 वर्षांचे होते. ज्या वयात रामानुजन यांचे आयुष्य संपले, त्याच वयात जानकींनी आपला संसार पहिल्यांदा स्वतःच्या हाती घेतला. त्यांच्या उत्पन्नाच्या दोन बाजू होत्या. मद्रास विद्यापीठाकडून मिळणारे अल्प निवृत्तिवेतन ही एक आणि शिवणकामाची कमाई ही दुसरी. निवृत्तिवेतन ठराविक असते. ते कमी असले तरी त्याचा भरवसा असतो. शिवणकामाचे उत्पन्न मात्र कष्टावर आणि मिळणाऱ्या कामावर अवलंबून असते. एकाचा भरवसा आणि दुसऱ्याचे कष्ट यांच्या जोरावर त्यांचे घर चालले.

हे घर केवळ त्यांच्यापुरते राहिले नाही. 1950 साली त्यांच्या एका मैत्रिणीचे निधन झाले, तेव्हा तिच्या लहान मुलाला जानकींनी दत्तक घेतले. या वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. एकटीचा खर्च भागवणे निराळे आणि वाढत्या मुलाचे अन्न, वस्त्र व शिक्षण यांचा भार अनेक वर्षे वाहणे निराळे. जानकींनी तो भार स्वेच्छेने स्वीकारला आणि पार पाडला. हा मुलगा शिकून पुढे भारतीय स्टेट बँकेत अधिकारी झाला. पोरक्या मुलांनी शिकावे, ही रामानुजन यांची इच्छा त्यांच्या पत्नीने आपल्या मर्यादित उत्पन्नातून अशा रीतीने एका मुलापुरती पूर्ण केली.

उतारवयात त्यांना समाजाने आठवणीने मदत केली. मद्रास पोर्ट ट्रस्ट, भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी, तसेच तमिळनाडू, आंध्र प्रदेश व पश्चिम बंगाल या राज्यांची सरकारे यांनी त्यांना निवृत्तिवेतन दिले. भारतात येणारे परदेशी गणितज्ञ आवर्जून त्यांच्या भेटीला येत. रामानुजन यांचा पुतळा व्हावा, अशी जानकींची फार दिवसांची इच्छा होती. तिची दखल घेऊन अनेक देशांतील गणितज्ञांनी वर्गणी गोळा केली आणि अर्धपुतळा करवून घेतला. 1994 साली ट्रिप्लिकेनमधील राहत्या घरीच त्यांचे निधन झाले.

सन्मान आणि वाढीव मदत जानकींकडे आली ती आयुष्याच्या अखेरीस. त्यापूर्वीची कित्येक वर्षे त्यांनी अल्प मिळकतीत, कोणापुढे हात न पसरता काढली. घराचा कारभार समजून घेण्यास वयाचे बंधन नसते. उशिरा का होईना, मिळकत किती आणि खर्च किती हे ज्याला स्वतः पाहता येते, त्याचे घर दुसऱ्याच्या मर्जीवर चालत नाही. जानकी अम्माल यांच्या जीवनातून हीच गोष्ट दिसून येते.