विश्लेषण : आधी ससे, मग स्वतःच्या शरीरात लस… हाफकिन यांच्या मुंबईत प्राणीप्रयोगांवर अंकुश का नव्हता?

पावसाळ्यात उल्हासनगर कॅम्प २ पासून अंबरनाथ, बदलापूरपर्यंत घरात साप निघणे नवे नाही. दंश झालेल्याला रुग्णालयात दिले जाणारे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनते. ते बनवणाऱ्या राज्य सरकारच्या महामंडळाला वाल्देमार हाफकिन यांचे नाव आहे. प्राण्यांवरील प्रयोगांचा विषय निघाला, की त्यांचे आयुष्य आठवावेच लागते.

कोण होते हाफकिन?

जन्म १८६०, ओडेसा. ज्यू असल्याने रशियात प्राध्यापकीची दारे बंद. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते आधी ग्रंथपाल म्हणून लागले आणि तिथेच कॉलऱ्याची लस तयार केली. त्यासाठी एका गिनीपिगमधून दुसऱ्यात असे जंतू पुढे नेत त्यांची मारकता वाढवली जाई. हे प्राणी मरत. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी लस स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले.

मुंबईत काय घडले?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर त्यांनी काही महिन्यांत लस बनवली. जंतू वाढवण्यासाठी मांसाचा रस लागे. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून गाय आणि डुक्कर टाळून बकऱ्याचे मांस वापरले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्याखाली जंतूंच्या लोंब्या लटकत. आधी सशांवर चाचणी झाली. मग १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला मोठी मात्रा टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, ते तगले. त्याच महिन्यात भायखळा तुरुंगातील कैद्यांना लस दिली गेली. कैदी स्वेच्छेने पुढे आले, अशी नोंद आहे. तुरुंगातली स्वेच्छा किती मोकळी, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही.

सशांबद्दल तर नाहीच. ब्रिटनमध्ये १८७६ पासून अशा प्रयोगांना परवाना लागत होता. भारतातील १८९० चा कायदा मात्र बैल-घोड्यांना मारहाण, उपाशी ठेवणे अशा क्रौर्यापुरता होता. प्रयोगशाळेचे दार त्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

मग चूक कुठे झाली?

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पद सोडावे लागले. प्रत्यक्षात बाटली गावात उघडताना हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. सशांवर कितीही काटेकोर चाचणी केली असती, तरी हा चिमटा त्यात सापडला नसता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ बाजूने उभे राहिले, १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पण तोवर उमेदीची वर्षे गेली होती. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज नियम काय सांगतो?

राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी लावून धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. प्रयोगांवर देखरेखीसाठी त्यात केंद्रीय समितीची तरतूद आहे. १९९८ च्या नियमांनुसार प्रयोगशाळेची नोंदणी आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी २०१४ पासून बंद आहे. प्रयोग करताना वेदना टाळण्यासाठी भूल द्यावी, निव्वळ हात बसावा म्हणून प्राणी वापरू नये, असे कायदा सांगतो. मोठ्या प्राण्याऐवजी शक्यतो लहान प्राणी घ्यावा, असेही त्यात आहे. उदाहरणादाखल कायद्याने नावे घेतली आहेत ती गिनीपिग, ससा, बेडूक आणि उंदीर यांची.