ग्रे वॉल्टर आणि त्यांचीं यांत्रिक कांसवें

पावसाळ्यांत वऱ्हाडांतील कोणत्याही घरीं दिवा लावला कीं त्याभोंवतीं पाखरें जमतात. त्या इवल्या जिवांस मोठी बुद्धि नसते; तरी तीं उजेड हुडकतात व अडथळा टाळतात. असें वर्तन यंत्राकडून करवितां येईल काय, हा प्रश्न प्रत्यक्ष प्रयोगानें सोडविणारे विल्यम ग्रे वॉल्टर यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

त्यांचा जन्म १९१० सालीं अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें झाला. बालपणींच ते इंग्लंडांत आले व पुढें केंब्रिज येथें शिकले. मेंदूंतील सूक्ष्म विद्युत्-लहरींचा अभ्यास हें त्यांचें जीवितकार्य होय. या लहरींवरून मेंदूंतील गांठीचें स्थान ओळखतां येतें, हें त्यांनीं १९३६ सालीं दाखविलें. १९३९ पासून ते ब्रिस्टल येथील बर्डन संस्थेंत काम करूं लागले.

मेंदूंत अब्जावधि पेशी असतात. त्यांचें कोडें उलगडण्यासाठीं वॉल्टर यांनीं उलट वाट धरिली : अगदीं थोडे भाग जोडून काय साधतें, तें पाहावें. १९४८-४९ च्या सुमारास त्यांनीं एल्मर व एल्सी हीं तीन चाकांचीं कांसवें बनविलीं. प्रत्येकांत रेडिओंतल्यासारखे दोन व्हॉल्व्ह, दोन मोटारी, उजेड ओळखणारा एक विद्युत्-नेत्र आणि कवचास धक्का लागतांच जुळणारा एक खटका, एवढेंच साहित्य होतें. दांतेरी चाकें तर जुन्या घड्याळांतून व गॅसच्या मीटरांतून काढलेलीं ! तरी तें कांसव मंद उजेडाकडे जाई, प्रखर उजेडापासून दूर सरे, आणि वाटेंत ठोकळा आल्यास वळसा घेई. बॅटरी क्षीण झाली म्हणजे मात्र प्रखर उजेड त्यास दूर सारीत नसे. तें दिव्याच्या घरकुलांत शिरून बॅटरी भरून घेई. हा मार्ग कोणीं आंखून दिलेला नसे.

१९७० सालीं स्कूटरच्या अपघातांत त्यांच्या डोक्यास जबर इजा झाली. आयुष्यभर इतरांच्या मेंदूंचें संशोधन करणाऱ्याच्याच मेंदूवर हा घाला पडला ! १९७७ सालीं ते निवर्तले.

परंतु त्यांचा ग्रंथ ऑस्ट्रेलियांतील रॉडनी ब्रुक्स या मुलाच्या हातीं पडला होता. पुढें १९८६ सालीं त्याच ब्रुक्स यांनीं अमेरिकेंत नवी पद्धति मांडली : यंत्रास जगाचा संपूर्ण नकाशा न देतां साध्या वर्तनांचे थर एकावर एक रचावे. ते ज्या कंपनीचे एक संस्थापक, तिनें २००२ सालीं आपोआप फिरून घर झाडणारें यंत्र बाजारांत आणलें.

अमरावती-अकोल्याच्या आमच्या बालमित्रांनो, मोडक्या घड्याळाच्या चाकांतूनही केवढें ज्ञान निघालें, तें पाहा. पालकांसही आमची नम्र विनंती आहे कीं, मुलानें घरांतील मोडकें घड्याळ उघडलें तर लगेच रागावूं नये.