हॅरी फर्ग्युसन व त्याचा नांगर

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही आजोळीं गेलों असतां मामांचा जुना मॅसी ट्रॅक्टर मिस्त्रीच्या अंगणांत उघडून पडलेला पाहिला. इंजिन ठीक होतें. बिघाड मागील हायड्रॉलिक लिफ्टमध्यें होता. उचललेला नांगर इंजिन बंद करतांच हळूहळू जमिनीस टेके, आणि इंजिन चालू असतांना तो सारखी खालीं-वर मान हलवी. मिस्त्रीनें बैठक काढली, बोल्ट सोडले, वरचें जड झांकण चेन-पुलीनें उचललें, मागील शाफ्ट ओढून काढला व आंतल्या ऑइलमधून चार पिस्टनांचा एक लहानसा पंप बाहेर घेतला. आम्ही दोन दिवस तेथें बसून होतों. त्या झांकणाखालीं एका मनुष्याचें सारें आयुष्य होतें; त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस सांगावी असें तेव्हांच मनांत आलें.

हॅरी फर्ग्युसन याचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजीं आयर्लंडच्या उत्तर भागांत, डाउन परगण्यांतील ग्रोवेल येथें झाला. वडील शेतकरी; अकरा मुलांत हॅरी चौथा. घरांत प्लिमथ ब्रेदरेन पंथाची कडक शिस्त होती. हॅरीस शेतकामाचा मनापासून तिटकारा असे, आणि वडिलांच्या धर्ममार्गावरहि तो राहिला नाहीं. पुढें तो अज्ञेयवादीच होता, हें येथें लपविण्यांत अर्थ नाहीं. चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. तो कॅनडास जाण्याच्या बेतांत होता, तों १९०२ सालीं त्याचा भाऊ जो यानें बेलफास्ट येथील आपल्या सायकली व मोटारी दुरुस्त करण्याच्या कारखान्यांत त्यास घेतलें. ज्या मुलास नांगराचा कंटाळा, तोच मुलगा यंत्रापुढें बसला म्हणजे तहानभूक विसरे.

३१ डिसेंबर १९०९ रोजीं हिल्सबरो येथील उद्यानांत त्यानें स्वतः तयार केलेलें विमान सुमारें १३० यार्ड उडविलें. आयर्लंडच्या भूमीवरून यंत्रबळानें झालेलें तें पहिलें उड्डाण होय. १९११ सालीं त्यानें मोटारींचा स्वतंत्र धंदा काढला व १९१३ सालीं मॉरीन वॉटसन हिच्याशीं विवाह केला. त्याचा खरा उद्योग मात्र महायुद्धानें त्याच्या दारीं आणला.

पाणबुड्यांमुळें ब्रिटनची अन्नधान्याची आयात संकटांत आली, तेव्हां १९१७ सालीं आयर्लंडमधील ट्रॅक्टरांवर देखरेख ठेवण्याचें काम सरकारनें फर्ग्युसनवर सोंपविलें. आपला कुशल सहकारी विल्यम सँड्स यास बरोबर घेऊन तो गांवोगांव हिंडला. (या सँड्सचें नांव फारसें कोणी घेत नाहीं; परंतु फर्ग्युसनच्या कल्पनांना लोखंडाचें रूप देण्यांत त्याचा हात फार मोठा होता.) त्या वेळचा ट्रॅक्टर म्हणजे घोड्याच्या जागीं उभें केलेलें अवजड इंजिन. त्याच्यामागें नांगर नुसता अडकवावयाचा व ओढावयाचा. नांगर दगडास अडला कीं मागचीं चाकें थबकत, इंजिनाचा जोर पुढच्या बाजूस उचलूं लागे, आणि कधीं कधीं सबंध यंत्र मागें उलटून हांकणाराच्या अंगावर पडे. फोर्डसन ट्रॅक्टर उलटून कित्येक माणसें मेलीं. वजन वाढवावें हा इतरांचा उपाय. पण वजन वाढविलें तर माती दबते आणि तेलहि अधिक जळतें. फर्ग्युसननें प्रश्नच निराळा केला. ट्रॅक्टर व नांगर हीं दोन यंत्रें कां असावीं? तीं एकच कां नसावीं?

ज्यानें बैलांचा नांगर धरला आहे त्यास हें लवकर समजेल. रुमण्यावर हात ठेवणारा शेतकरी हातानेंच जमीन वाचीत असतो. भुई कठीण लागली, बैल नेटास आले, कीं तो हात किंचित् हलका करितो; भुई मऊ झाली कीं पुन्हां दाबतो. फर्ग्युसनला हा हात यंत्रास द्यावयाचा होता. त्यानें नांगर तीन दांड्यांनीं जोडला. खालचे दोन दांडे ओढतात. वरचा दांडा, ज्यास आपले लोक टॉप लिंक म्हणतात, तो ढकलला जातो. फाळास मातीचा विरोध झाला कीं नांगर पुढच्या बाजूस कलूं पाहतो व टॉप लिंक ट्रॅक्टरास पुढें रेटते. या रेट्यानें पुढचीं चाकें जमिनीशीं दाबून राहतात. ज्या अडथळ्यामुळें पूर्वीं ट्रॅक्टर उलटे, तोच अडथळा आतां त्यास उलटूं देत नाहीं. शिवाय नांगराचा व मातीचा भार मागच्या चाकांवर येत असल्यानें हलकें यंत्रहि जमीन पकडून चालतें.

दुसरी युक्ति याहून नाजूक. टॉप लिंकचा रेटा एका जाड स्प्रिंगवर येतो. विरोध वाढला कीं स्प्रिंग दबते, ती एका व्हॉल्व्हास सरकविते, पंपाचें ऑइल सिलिंडरांत शिरतें आणि पिस्टन नांगर किंचित् उचलतो. विरोध कमी झाला कीं स्प्रिंग सैल होते व नांगर पुन्हां खोल जातो. या योजनेचें पेटंट त्यास १९२६ सालीं मिळालें.

पेटंट मिळालें तरी भाकरी मिळाली असें नव्हे. १९२५ सालीं शर्मन बंधूंच्या भागीनें त्यानें अमेरिकेंत फोर्डसनसाठीं नांगर काढले. १९२८ सालीं फोर्डनें तेथें फोर्डसन करणेंच थांबविलें व नांगर ट्रॅक्टरावांचून राहिला. मग १९३३ सालीं त्यानें स्वतःचा काळ्या रंगाचा नमुना तयार केला; तो लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें आहे. १९३६ सालीं हडर्सफील्डच्या डेव्हिड ब्राऊन यांच्या सहकार्यानें असे ट्रॅक्टर विकण्यास निघाले, पण खपले सुमारें १,३५०. ब्राऊन यांस यंत्रांत फेरफार हवे होते. फर्ग्युसन एक बोल्टहि बदलूं देईना. हा मनुष्य सहवासास सोपा नव्हता. टेबलावरची पेन्सिल वांकडी असलेली त्यास खपत नसे, आणि शेतांतून आलेलें औत चिखलानें माखलेलें असलें तर तो संतापे. परंतु त्याच काटेकोरपणांतून अशी सोय झाली कीं एकाच पान्यानें नांगराच्या बहुतेक जोडण्या करतां येत, आणि मापासाठीं इंचांच्या खुणाहि त्याच पान्यावर असत.

१९३८ च्या ऑक्टोबरांत हेन्री फोर्ड याच्या डिअरबॉर्न येथील जमिनीवर फर्ग्युसननें आपला ट्रॅक्टर चालवून दाखविला. शेतांतच टेबल मांडून किल्लीच्या एका खेळण्यानें त्यानें तीन दांड्यांचें तत्त्व समजाविलें. त्याचें डिझाइन व फोर्डचा कारखाना, असा करार झाला. कागद नाहीं, वकील नाहींत, केवळ हस्तांदोलन. आम्हांस हें वाचून प्रथम मोठें कौतुक वाटलें. पुढील हकीकत वाचल्यावर तें थोडें ओसरलें. १९३९ च्या जूनमध्यें ट्रॅक्टर बाहेर पडला व १९४७ पर्यंत तीन लाखांहून अधिक तयार झाले. तोंवर वृद्ध फोर्ड थकला होता, सत्ता नातवाकडे गेली होती. नातवानें करार मोडला, आणि १९४७ सालीं तेंच लिफ्ट असलेला नवा ट्रॅक्टर फर्ग्युसनला वगळून विक्रीस आणला. त्याच वर्षीं एप्रिलांत हेन्री फोर्ड वारला. हस्तांदोलनाचा दुसरा साक्षीदारच गेला.

१९४८ च्या जानेवारींत फर्ग्युसननें २५ कोटी १० लक्ष डॉलरांचा दावा लावला. चार वर्षें तो चालला. १९५२ च्या एप्रिलांत तडजोड झाली व त्यास ९२ लक्ष ५० हजार डॉलर मिळाले. कित्येक पेटंटांची मुदत तोंवर सरली होती. तीन दांड्यांची जोडणी सर्वांस मोकळी झाली. पण पंपांत ऑइल शिरण्याच्या बाजूस बसविलेला तो व्हॉल्व्ह वापरणें फोर्ड कंपनीस त्या सालअखेर बंद करावें लागलें. आमच्या मतें पैशांपेक्षां त्या व्हॉल्व्हाचें समाधान त्यास अधिक वाटलें असावें.

इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९४६ पासून त्याचा करडा लहान ट्रॅक्टर निघूं लागला होता. दहा वर्षांत तो पांच लाखांहून अधिक झाला. ४ जानेवारी १९५८ रोजीं हिलरी दक्षिण ध्रुवावर पोहोंचला तो अशाच तीन ट्रॅक्टरांवर. १९५३ सालीं फर्ग्युसननें आपला धंदा मॅसी-हॅरिस कंपनींत विलीन केला. किंमतींत दहा लक्ष डॉलरांचा फरक पडला तेव्हां नाणें उडवून निकाल लावला, आणि तो हरला. वर्षभरानें तो तेथूनहि बाहेर पडला. शेवटचीं वर्षें निद्रानाशांत व खिन्नतेंत गेलीं. २५ ऑक्टोबर १९६० रोजीं स्टो-ऑन-द-वोल्ड येथील घरीं तो वारला. त्याच वर्षीं मद्रास येथें मॅसी-फर्ग्युसनच्या सहकार्यानें टॅफे कंपनी निघाली, आणि त्या वाटेनें त्याचें लिफ्ट आमच्या मामांच्या शेतावर आलें.

मिस्त्रीनें दुसऱ्या दिवशीं पंपाचा प्रत्येक भाग रॉकेलनें धुऊन स्वच्छ फडक्यावर ओळीनें मांडला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, रबरी ओ-रिंगा लांकडासारख्या कडक झाल्या होत्या, आणि तळच्या ऑइलांत पाणी व गाळ होता. शहरांतून आणलेली पहिली रिंग मापाची निघाली नाहीं, दुसरी बसली. शेवटीं त्यानें मागची जाड स्प्रिंग तपासली: ती बोटांनीं फिरली पाहिजे, पण मागेंपुढें हलतां कामा नये. नवें ऑइल भरलें, इंजिन चालू केलें, नांगर उचलला व इंजिन बंद केलें. मामांनीं आम्हांस जेवावयास नेलें. जेवून परत आलों तरी नांगर वरच होता.