आष्टीच्या रणातील सेनापती

मोडनिंबहून पंढरपूरची वाट धरली की मध्ये आष्टी लागते. तेथील विस्तीर्ण तलाव पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु याच परिसरात पेशवाईचा अखेरचा सेनापती धारातीर्थी पडला, याची जाणीव फार थोड्यांना असते. ज्यांना असते, तेही १८१८ सालच्या फेब्रुवारीतील त्या एका झुंजीचेच स्मरण करतात. बापू गोखल्यांच्या शौर्याला तेवढे स्मरण पुरेसे असेल. त्यांच्या चरित्रातील बोध मात्र त्या आधीच्या अठरा वर्षांत दडलेला आहे.

नरहर गणेश ऊर्फ बापू गोखले हे कोकणातील घराण्यातले. चुलते धोंडोपंत यांच्या हाताखाली कर्नाटकात त्यांनी तलवार धरली. १८०० साली धोंडजी वाघ या बंडखोराने धोंडोपंतांना गाठून ठार केले आणि त्यांच्या पथकाची सूत्रे बापूंकडे आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात धोंडजीचा अंत झाला. पण तो केला आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेने. गोखल्यांचे स्वार त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूस होते. चुलत्याच्या वधाचे उट्टे निघाले, ते परक्याच्या साहाय्याने.

पुढील काळ तर सरदारांच्या आपसांतील वैराचाच होता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे व पेशवे यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून पळाले आणि वर्षअखेरीस वसईचा तह करून त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. १८०३ मध्ये वेलस्ली शिंदे व भोसले यांच्यावर चालून गेला, तेव्हाही पेशव्यांच्या वतीने बापूंचे घोडदळ त्याच्या सोबतीस होते.

१८०६ मध्ये परशुराम श्रीनिवास प्रतिनिधींनी साताऱ्याच्या छत्रपतींचे नाव पुढे करून बंड उभारले. बापूंनी वसंतगडानजीक त्यांचा मोड केला. प्रतिनिधी जबर जखमी होऊन कैद झाले. ताई तेलिणीने मात्र वासोट्याचा किल्ला आठ महिने झुंजवला. या विजयाने प्रतिनिधींच्या जहागिरीचा मोठा भाग बापूंच्या हाती आला. दरबारात त्यांचे वजन वाढले, पण राज्याचा एक जुना खांब मोडला. बाजीरावांनी पुढे पटवर्धनांना दुखावले, रास्त्यांचा सरंजाम काढून घेतला. एकेक घराणे असे दुरावत गेले.

जून १८१७ च्या पुणे करारातील मानहानीनंतर बाजीरावांचे डोळे उघडले आणि युद्धाची सूत्रे त्यांनी बापूंच्या हाती दिली. ५ नोव्हेंबरला खडकीच्या रणांगणावर कंपनीचे सैन्य तीन हजारांहून कमी, तर पेशव्यांचे त्याच्या कितीतरी पट होते. पण जरीपटका धरणारे मोरो दीक्षित पडले, घोडदळाची धाव दलदलीत अडकली आणि स्वतः पेशवे पर्वतीवरून युद्ध पाहत राहिले. पुणे गेले, त्यानंतर उरला तो केवळ पाठलाग.

या पाठलागाचा शेवट आष्टीस झाला. जनरल स्मिथचे घोडदळ अचानक येऊन थडकताच बाजीरावांनी सेनापतीस बोल लावला आणि स्वतः पळ काढला. मूठभर स्वारांनिशी बापू मागे राहिले, इंग्रजी घोडदळावर तुटून पडले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. स्मिथच्या डोक्यास जखम झाली. एरवी इंग्रजांची हानी किरकोळच होती. छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले, आणि पेशव्यांच्या बंदिवासातून ही सुटकाच झाली, असे त्यांच्या कुटुंबास वाटले. ज्या राज्याच्या छत्रपतीलाच शत्रू मुक्तिदाता वाटावा, ते राज्य एका सेनापतीच्या रक्ताने कसे वाचावे?

प्राचीन चीनमध्ये असेच घडले होते. इसवी सनापूर्वी २३० ते २२१ या काळात छिन राज्याने उरलेली सहा राज्ये एकामागून एक गिळंकृत केली. शूर सेनानी त्या राज्यांतही होते. पण एक बुडत असताना दुसरी वेळेवर एकत्र आली नाहीत. आपल्याकडे तर एकाला बुडविण्यास दुसऱ्याने परक्याला हात दिला.

बाजीरावांनी जून १८१८ मध्ये शरणागती पत्करली आणि वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास १८५१ पर्यंत आयुष्य कंठले. सेनापती मेला, धनी जगला. बाजीरावांना दोष देऊन आपण मोकळे होतो, ते याचमुळे. परंतु बापूही त्याच व्यवस्थेत वाढले आणि तिच्याच बळावर मोठे झाले, हे नाकारता येत नाही. तसे म्हटल्याने त्यांचा अवमान होत नाही. आपल्या शाळांतून आष्टीची झुंज सांगितली जावी, तशीच वसंतगडचीही सांगितली जावी. निष्ठा व्यक्तीशी असावी की राज्याशी, हा प्रश्न बापूंपुढे फार उशिरा उभा राहिला. विद्यार्थ्यांपुढे तो वेळेवर उभा करणे, हेच त्या वीराचे खरे स्मारक ठरेल.