अंगणातली शाळा

मुंबईच्या उत्तरेस, समुद्राच्या काठी, बोर्डी नावाचे गाव आहे. आज ते पालघर जिल्ह्यात मोडते. त्या काळी ते ठाणे जिल्ह्यात होते. १९४५ सालच्या डिसेंबर महिन्यात ५३ वर्षांच्या एक विदुषी तेथे आल्या. बालशिक्षणाच्या क्षेत्रात त्यांचे नाव गाजत होते. मुंबईत दादर येथे त्यांनी सुरू केलेला शिशुविहार नावारूपाला आला होता. असे असता त्यांनी खेड्याची वाट का धरली? त्यांना एका प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे होते. उत्तम बालशिक्षण गरिबाच्या मुलाला मिळू शकेल काय, हा तो प्रश्न. त्या विदुषी म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींना शाळेत घालणेही लोकांना रुचत नसे, अशा त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोट येथील स्त्री-शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाचा मान त्यांना मिळाला. परंतु मानाच्या त्या जागेवर त्यांचे मन रमले नाही. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून लहान मुलांसाठी बालमंदिर काढले होते. तेथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. मुले आपल्या हातांनी कामे करीत, गाणी गात, गोष्टी ऐकत आणि खेळता खेळता शिकत. १९२३ साली ताराबाई या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

बालमंदिरातील शिक्षण मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीच्या पद्धतीवर आधारलेले होते. या पद्धतीचा जन्म १९०७ साली रोम शहरातील गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत झाला. पण आपल्या देशात मात्र ती श्रीमंतांच्या घरापर्यंतच पोहोचली. घडीव लाकडाच्या दंडगोलांपासून रंगीत पट्ट्यांपर्यंत तिची साधने महाग होती आणि शाळांची फीही तशीच भारी होती. जे शिक्षण गरिबांच्या वस्तीत जन्मले, तेच गरिबांना पारखे झाले, ही गोष्ट ताराबाईंच्या मनाला सलत राहिली. अडीच ते सहा वर्षांच्या वयात मुलाची बुद्धी, भाषा आणि सवयी यांचा पाया घातला जातो. तो पाया काही मोजक्या मुलांचाच पक्का व्हावा आणि इतरांचा कच्चा राहावा, हे त्यांना पटेना.

बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि शिक्षिका म्हणून उभ्या राहिलेल्या अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळावे लागे, कोणाच्या अंगावर धड कपडा नसे, कोणाचे आईबाप पहाटेच मजुरीला निघून जात. त्यातच जातिभेदाची भिंत आड येई.

दुसरा कोणी असता, तर त्याने मुलांना दोष देऊन हात टेकले असते. ताराबाईंनी विचाराची दिशाच बदलली. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच मुलाकडे गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका रोज वस्तीत जाऊ लागल्या. घरापुढच्या अंगणात मुले जमत. त्यांना स्वच्छ करावे, त्यांच्याशी खेळावे, त्यांना गाणी आणि गोष्टी सांगाव्यात, असा क्रम सुरू झाला. हीच अंगणवाडी.

महागड्या साधनांचे काय करावयाचे? समुद्राने शंख-शिंपले दिले. झाडांनी पाने, फुले आणि बिया दिल्या. चिंचोके आणि खडे तर वाटेवरच होते. त्यांवरच मुले मोजू लागली, लहानमोठे ओळखू लागली, रंग निवडू लागली. मात्र एका बाबतीत ताराबाईंनी काटकसर केली नाही. ती बाब म्हणजे शिक्षिकेचे शिक्षण. साधने साधी चालतील, पण मुलांना शिकविणारी व्यक्ती जाणती, प्रेमळ आणि प्रशिक्षितच असली पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. म्हणून सेविकांच्या प्रशिक्षणाचे काम त्यांनी मोठ्या निष्ठेने चालविले.

१९५७ साली हे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखीत. म्हणून कुरणातच शाळा भरू लागली. धाकट्या भावंडापायी मोठ्या बहिणीची शाळा बुडे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभारली. बाळ पाळणाघरात, मधले मूल बालवाडीत आणि मोठी बहीण आपल्या वर्गात, अशी सोय झाली.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. १९७३ साली त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी तिचे ३३ प्रकल्प होते. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. सरकारी खजिन्यातून, म्हणजे सर्व जनतेच्या पैशातून, गरिबाच्या मुलाला आहार, आरोग्य आणि बालशिक्षण मिळू लागले. २००२ साली झालेल्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील सर्व बालकांचे संगोपन आणि शिक्षण यांसाठी झटावे, असे राज्यसंस्थेला सांगितले. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत.

बोर्डीच्या अंगणात रुजलेले रोप असे देशभर पसरले. परंतु अंगणवाड्यांची संख्या मोठी झाली, म्हणजे ताराबाईंचे काम पुरे झाले, असे नव्हे. खोली आहे पण खेळ नाही, सेविका आहे पण तिला पुरेसे शिक्षण आणि योग्य मोबदला नाही, असे जेथे घडते, तेथे अंगणवाडीचे केवळ नाव उरते. स्वस्त साधनांनी उत्तम शिक्षण देता येते, हे ताराबाईंनी दाखवून दिले. पण गरिबांसाठी आहे म्हणून ते हलके असावे, हे त्यांनी कधीही मान्य केले नाही. श्रीमंताच्या मुलाला जे प्रेम आणि जी काळजी मिळते, तीच झोपडीतल्या मुलालाही मिळावी, यासाठी त्या आयुष्यभर झिजल्या. अंगणात रिंगण धरून गाणारी मुले दिसली, म्हणजे शहरातील मान सोडून वस्तीच्या वाटेने निघालेल्या या शिक्षिकेचे स्मरण अवश्य करावे.